उजवी बाही

७ जानेवारी

वहिनी,

काल दादाचा फोन आला. म्हणाला, भिंगरी सगळं डाव्या हाताने घेते. चमचा डाव्याने, चेंडू डाव्याने, त्याच्या नाकावरचा चष्मा ओढायचा तोही डाव्याने. "आत्यावर गेली आहे," म्हणाला. मी कात्री खाली ठेवली आणि कारखानाभर फिरून सांगून आले. कटिंगचे मास्तर म्हणाले, "म्हणजे आता आणखी एक उलटी कात्री मागवायची." म्हटलं, सावकाश मागवा, पोरगी सव्वा वर्षाची आहे.

हसू नकोस, पण मी थोडी रडलेही. त्या घरात माझ्या बाजूचं कुणी नव्हतं. अक्षरं गिरवायला बसवताना आई माझा डावा हात नाडीने खुर्चीला बांधायची. ती नाडी पांढरी होती, टोकाला गाठ होती. अजून कारखान्यात कुणी तशी नाडी कापायला दिली तर मी ती दुसऱ्या टेबलावर सरकवते.

म्हणून एकच सांगते, आणि हे आईलाही वाचून दाखव. पोरीचा हात कुणी बदलायचा नाही. चमचा काढून उजव्यात द्यायचा नाही. त्या घरात आता डावं-उजवं करायचं नाही.

फ्रॉक पाठवते आहे, चिठ्ठी त्याच्या खिशात. फोनवर बोलायचं तर दादा मध्ये तोंड घालतो. खिसा बरा.

तुझी वन्सं


२० जानेवारी

वन्सं, शिरसाष्टांग नमस्कार.

लग्नात थट्टेने तुम्हाला वन्सं म्हटलं, तेव्हा वाटलं नव्हतं की जन्मभर अहो-जाहो करावं लागेल. पण आता सवय झाली.

फ्रॉक सुरेख आहे. तुमचं फर्मान आईंना वाचून दाखवलं. त्या भांडी पुसत राहिल्या.

भिंगरी मजेत आहे. नाव तुमच्या दादांनी अगदी बरोबर ठेवलं. जमिनीवर बसवली की बसल्या बसल्या गोल गोल फिरते. पुढे जायचं असलं तरी आधी एक फेरी होते, मग दुसरी. पाहुणे आले की हे तिला मुद्दाम मधोमध बसवतात. सगळे टाळ्या वाजवतात. अजून चालत नाही, आई म्हणतात, "हिचा बापही आळशीच होता."

दुकानात मी आता फ्रेम बसवायच्या टेबलावर आहे. गिऱ्हाइकाला चष्मा घालून बघायचं, तिरका दिसला तर काडी गरम करून वाकवायची. गंमत सांगू? कुणाचेच दोन कान एका पातळीत नसतात. आम्ही ते गिऱ्हाइकाला सांगत नाही. गुपचूप काडी वाकवून देतो.

एक विनंती आहे, रागावू नका. पुढच्या फ्रॉकची उजवी बाही जरा सैल ठेवाल का? घालताना अडकते. डाव्या बाहीचं काही नाही.

तुमची वहिनी


२ फेब्रुवारी

वहिनी,

नणंदेच्या शिवणीत खोट काढायला भावजयीला मुहूर्त लागत नाही म्हणतात, ते खरं.

ऐक. बाह्या कापताना कापड दुमडतात. एकावर एक. वरून एकदाच कात्री चालते आणि दोन्ही बाह्या एका दमात निघतात. त्या लहान-मोठ्या होऊच शकत नाहीत, व्हायच्या म्हटल्या तरी. मी कागदाचा नमुना पुन्हा काढून पाहिला. मास्तरांनाही दाखवला. ते म्हणाले, "भावजय चष्म्याच्या दुकानात आहे ना? तिला म्हणावं, एक स्वतःसाठी घे."

तरी तुझ्या समाधानासाठी पाठवते आहे. उजवी सैल, डावी नेहमीची. आयुष्यात पहिल्यांदा दोन बाह्या वेगवेगळ्या कापल्या. हाताला पटत नव्हतं.

वन्सं


१८ फेब्रुवारी

वन्सं,

सैल बाही छान बसली. तुमचं काही चुकलं नव्हतं. मी उगीच लिहिलं.

भिंगरी आता धरून उभी राहते. डावा पाय पूर्ण टेकते, उजवी टाच वरच असते. हे म्हणतात, नाचणारी होणार.

दुकानात गर्दी आहे. जास्त लिहीत नाही.

वहिनी


५ मार्च

वहिनी,

गेल्या आठवड्यात इस्त्रीवर माझा उजवा तळवा भाजला. फोड आले, पट्टी बांधली. मास्तर म्हणाले, "उजवाच ना? मग काप. तुझं सगळं डाव्यावर." मलाही तसंच वाटलं. टेबलाशी उभी राहिले, डाव्या हातात कात्री घेतली, आणि कापड पळालं. पुन्हा लावलं, पुन्हा पळालं. इतकी वर्षं मी समजत होते की मी डाव्या हाताने कापते. वहिनी, कात्री डाव्या हातात असते एवढंच. कापड उजवा धरतो. तो ताणतो, सरकवतो, सुरकुती काढतो. तो नसेल तर डाव्याचा काही उपयोग नाही. मला घरी पाठवलं.

घरी बसून काय करणार? दादाने पाठवलेला भिंगरीचा व्हिडिओ पाहिला. तो डबा उघडते तो. कौतुकाने पूर्वी शंभरदा पाहिला असेल. तिने डबा गुडघ्यांत दाबला, झाकण डाव्याने ओढलं. निघेना, तेव्हा दाताने ओढलं. उजवा हात छातीशी होता, मूठ मिटलेली. एकदाही पुढे आला नाही. मागे दादाचा आवाज, "शाब्बास माझी डावखुरी!"

पट्टी सुटल्यावर कारखान्याच्या पाळणाघरात गेले. चिंध्यांची टोपली घेऊन खाली बसले आणि भिंगरीएवढ्या पोरांना एकेक चिंधी दिली. ज्या बाजूने दिली त्या बाजूच्या हाताने घेतली. दुसरी दिली, दुसऱ्या हाताने घेतली. एकाचेही हात ठरलेले नव्हते. पाळणाघरातल्या बाई म्हणाल्या, "या वयात हात कुठला ठरतो? ते पुढे. एवढ्यात एकच हात चालवणारं मूल दिसलं, तर मी त्याच्या आईला सांगते, डॉक्टरला दाखवून घ्या."

आणि टाच. आणि ती बाही.

वहिनी, बाहीत काय अडकतं? उजव्या हाताने ती काय धरते? मला खरं सांग.

वन्सं


१२ मार्च

तू विचारलंस ते बरं झालं.

काही धरत नाही. मूठ अडकते. फ्रॉक घालताना मला तिची बोटं एकेक करून उलगडावी लागतात, बाही ओढेपर्यंत ती पुन्हा मिटलेली असतात.

मला कधीपासून माहीत आहे ते सांगते. तिला भिंगरी म्हणतात कारण ती गोल फिरते. ती गोल फिरते कारण एकाच हाताने स्वतःला ढकलते. होडीला एकच वल्हं असल्यासारखं. ज्या दिवशी नाव पडलं त्याच दिवशी मला हे दिसलं. सगळे हसले, मीही हसले.

त्यानंतर घरात कुणी नसलं की मी तिच्या उजवीकडे खुळखुळा धरते. ती अख्खी वळते आणि डाव्याने घेते. मी डावा हात हळूच धरून ठेवला की ती खुळखुळा सोडून देते. माझ्याकडे बघते. मी तो पुन्हा डावीकडे धरते. गुपचूप काडी वाकवून देते, दुसरं काय.

एकदा तुझ्या दादांजवळ विषय काढला. म्हणाले, "माझी बहीण डावखुरी आहे. तिचं काय बिघडलं? तुम्हा लोकांना डावा हात दिसला की आजार दिसतो. त्या पोरीने लहानपणी काय सोसलंय ते मी पाहिलंय." तुझं पत्र फ्रिजवर लावलं आहे त्यांनी. "डावं-उजवं करायचं नाही." येता-जाता मला ते दिसतं. तुझ्यावर राग नाही माझा. पण त्या ओळीआड ते लपले, आणि खरं सांगायचं तर मीही लपले.

मुलांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, या महिनाअखेरची. यांना सांगितलेलं नाही. एकटी नेऊ शकते. पण डॉक्टर जे सांगतील ते घरी येऊन मला एकटीला सांगावं लागेल, आणि ते मला खोटी पाडतील. मग पुढचं सगळं बंद. तुझं ते ऐकतात. तू बोल.


१५ मार्च

वहिनी,

पहिल्यांदा 'तू' म्हणालीस मला. सहीसुद्धा केली नाहीस. तेवढ्यावरूनच कळलं.

दादाशी बोलले. झालं ते असं.

मी म्हटलं, "दादा, पायात बूट घाल."

"का? कुठे जायचंय?"

"घाल तर. आता उजवा हात खिशात घाल आणि नाडी बांध."

"सकाळी सकाळी काय चेष्टा लावलीस?"

"बांध."

फोन स्पीकरवर होता. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग शिव्या ऐकू आल्या. मग म्हणाला, "एका हाताने कशी बांधणार? जमतं होय कुणाला?"

म्हटलं, "मला नाही जमत. मी डावखुरी आहे दादा, एकहाती नाही."

बूट जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "पण तुझ्यावर गेली आहे ती."

म्हटलं, "जाऊ दे की माझ्यावर. आधी तिचा दुसरा हात कुठे आहे ते बघून ये."

तो येईल तुझ्याबरोबर. फ्रिजवरचं ते पत्र काढून टाक. नाहीतर राहू दे, त्यावर एखादं बिल लाव.

वन्सं


२८ एप्रिल

वन्सं,

उशीर झाला. तपासण्या चालू होत्या. आले हे. दवाखान्यातल्या बाकावर भिंगरीला मांडीवर घेऊन तिचा उजवा बूट हातात धरून बसले होते. बुटाचं टोक घासून पांढरं झालं आहे, ते अंगठ्याने पुसत होते. पुसून जाणार असल्यासारखे.

डॉक्टरांनी तिला खेळू दिलं, आम्हाला बोलू दिलं. मग मेंदूचा फोटो काढला. जन्माच्या आसपास कधीतरी तिच्या मेंदूच्या डाव्या भागातली एक छोटी जागा दुखावली आहे. शरीराची उजवी बाजू तिथून चालते. कुणाच्या चुकीने नाही. ही इजा वाढत जाणार नाही, पण पुसलीही जाणार नाही. डॉक्टर म्हणाले, "ती जागा भरून येणार नाही, पण आजूबाजूची जागा शिकू शकते. आणि लहान आहे तोवर भरभर शिकते. बरं झालं आत्ता आलात."

यांनी विचारलं, "म्हणजे ती डावखुरी नाहीच?"

डॉक्टर म्हणाले, "असेलही. ते तिला मोठी झाल्यावर ठरवू द्या. आज तिच्याकडे निवडायला दुसरा हातच नाही."

घरी येताना रस्त्यात हे एकदाच बोलले. "त्या टाळ्या," म्हणाले. मी हात धरला त्यांचा.

आता आठवड्यातून दोनदा व्यायामाच्या बाईंकडे जातो. पायाला प्लास्टिकचा पातळ आधार मिळाला आहे, तो घातला की टाच टेकते. हातासाठी मोठा चेंडू, घट्ट झाकणं, दोन हात लागतील असे खेळ. आणि आणखी एक आहे. ते तुला कसं सांगू याचा विचार करत होते. रोज खेळताना थोडा वेळ डाव्या हातावर मऊ मोजा चढवायचा. म्हणजे उजव्याला पुढे यावं लागतं. विकतचा मोजा ती दाताने ओढून काढते. तू शिवशील?

वहिनी


३ मे

वहिनी,

नाही.

पोरीला डॉक्टरकडे न्या म्हणून मी सांगितलं. डावा हात बांधा असं सांगितलं नव्हतं. मऊ मोजा म्हण नाहीतर पांढरी नाडी म्हण. खुर्चीला बांधलेल्या हाताला आतून काय वाटतं ते त्या बाईंना ठाऊक नाही. मला आहे. हात आपला नाही असं वाटतं. आणि ज्याने बांधला तोही.

दुसरं काहीही माग. हे माझ्या हातून होणार नाही.

वन्सं


१९ मे

वन्सं,

तुझं पत्र आलं तेव्हा आम्ही काही दिवस मोजा बाजूला ठेवला. व्यायामाच्या बाईंना तुझी गोष्ट सांगितली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आत्याबाईंचं बरोबर आहे. रडत असेल तर काढायचाच. मोजा हा खेळ वाटला पाहिजे. शिक्षा वाटली तर उपयोग शून्य."

पुन्हा सुरू केला. तुला फक्त काय दिसलं ते सांगते.

मोजा बाहेर काढला की आई उठून गॅलरीत जातात. वाळलेले कपडे पुन्हा दोरीवर सारखे करतात. कुणी काही विचारत नाही. परवा परत आल्या तेव्हा भिंगरीसमोर साबणाच्या फेसाची परात होती. डाव्यावर मोजा. तिने आधी मोजा बुडवला, काही जमेना. मग उजवी मूठ फेसात घातली. मूठच. बाहेर काढली तर फेसाचा गोळा चिकटलेला. तिने तो पाहिला. मग त्या हाताकडे पाहिलं. वन्सं, दुकानात पहिल्यांदा चष्मा लावलेलं माणूस समोरच्या भिंतीकडे बघतं, तसं. आपलाच हात, कुणीतरी आत्ता आणून दिल्यासारखा.

आई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "याला बांधणं म्हणत नाहीत." आणि पुन्हा गॅलरीत गेल्या.

तुझा हात बांधला तो दुसऱ्याच्या मनासारखा चालावा म्हणून. तिचा झाकतो तो तिचा दुसरा तिला सापडावा म्हणून. मला हे पटलं आहे, पण तुला पटायलाच हवं असं नाही.

तू नाही शिवलास तर मी शिवेन. माझी शिवण तू पाहिली आहेस. विचार कर.

वहिनी


६ जून

वहिनी,

तुझी शिवण पाहिली आहे म्हणूनच पाठवते.

मोजा बेडकाचा आहे. डोळे पक्के शिवले आहेत, दाताने निघणार नाहीत. आतून जुन्या धुतलेल्या कापडाचं अस्तर. शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे बोटांना टोचणार नाही. मास्तरांनी उचलून पाहिला. म्हणाले, "बोटं कुठं आहेत?" म्हटलं, बेडकाला एवढी बोटं नसतात. म्हणाले, "असतात की." आता कारखान्यात तीन दिवस बेडकाच्या बोटांवर वाद चालू आहे.

मनगटाशी एक जाड कापडी कडी दिसेल. ती शोभेची नाही. ती ओढली की मोजा अलगद निघतो. दात पोचणार नाहीत अशा जागी लावली आहे, मी स्वतः हातावर चढवून पाहिलं. ती फक्त दुसऱ्या हाताने ओढता येते. सुरुवातीला तुम्ही काढा. पण कडी तिला रोज दाखवा. ज्या दिवशी तिची मूठ तेवढी उघडेल, त्या दिवशी मोजा तिचा तिने काढायचा. आणि तिने काढला की पुन्हा चढवायचा नाही, त्या दिवसापुरता. हा माझा नियम. बाईंना विचार, चालेल का.

मला कडी नव्हती.

फ्रॉक पाठवला आहे. उजवी सैल.

वन्सं


११ सप्टेंबर

वन्सं,

व्यायामाच्या बाई नियम चालेल म्हणाल्या. उलट त्यांनी कडीचा फोटो काढून घेतला.

भिंगरी चालते. पायाला आधार घालून, सोफ्यापासून दारापर्यंत, दारापासून आईंपर्यंत. डावीकडून उजवीकडे हलत चालते, नव्या गिऱ्हाइकाच्या नाकावरच्या चष्म्यासारखी. पडतेही. हे मागे मागे हात पसरून वाकून चालतात, आता यांची कंबर दाखवावी लागणार.

बेडकाच्या कडीत उजव्या हाताची दोन बोटं गेली. ओढता आली नाही. पण गेली.

वहिनी


२४ फेब्रुवारी

वन्सं,

मुद्दाम फोन केला नाही. यांनाही करू दिला नाही. हे खिशातल्या चिठ्ठीसारखंच यायला हवं होतं.

रविवारी आई तिला घेऊन बसल्या होत्या. हल्ली बेडूक त्याच चढवतात. गॅलरीत जात नाहीत. दोघी मिळून ठोकळे रचत होत्या, उजव्याने. एक ठोकळा पडला, दुसरा पडला. ती वैतागली. मला वाटलं रडणार, आता काढावा. मी उठले. आईंनी हाताने मला थांब म्हणून खुणावलं.

तिने बेडकाकडे पाहिलं. उजवा हात पुढे आणला. बोटं सावकाश उघडली, शटर उघडावं तशी, अडकत अडकत. कडीत घातली. आणि ओढलं.

बेडूक फ्रिजपर्यंत उडाला.

यांनी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि तसेच धरून ठेवले. मग आईच म्हणाल्या, "वाजव रे मेल्या, आता वाजव." आणि स्वतः वाजवायला लागल्या. भिंगरीने आमच्याकडे पाहिलं. तिनेही वाजवली. डावा तळवा उघडा, उजवा अर्धा. आवाज फारसा झाला नाही.

संध्याकाळी आईंनी बेडूक उचलून धुतला. वाळत घालताना ती कडी बोटात घालून कितीतरी वेळ उभ्या होत्या. मग मला म्हणाल्या, "पोरीला लिही, शिवण चांगली आहे." मी विचारलं, कुठल्या पोरीला? म्हणाल्या, "माझ्या."

उजवा हात डाव्यासारखा होणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. बाई म्हणतात, तो मदतनीस होईल. तू म्हणतेस तसा, कापड धरणारा. अजून घाईत मूठ मिटते. उजवी टाचही विसरते. पण आता ती सरळ जाते. एवढी जाते की सापडत नाही. काल शेजारच्या जिन्यावर सापडली. नाव तेच ठेवलं आहे, फक्त आता ते पायाला लागलं आहे.

एक विनंती आहे, रागावू नकोस. सकाळी फ्रॉक घालत होते. मी नेहमीप्रमाणे बोटं उलगडायला हात पुढे केला. तिने माझा हात बाजूला सारला, डाव्याने. मग उजवा बाहीत घातला. मधे एकदा थांबला. मी थांबले. मग बाहीच्या तोंडाशी बोटं दिसली, एकेक करून.

ती बाही आता ढगळ दिसते.

वहिनी


२ मार्च

वहिनी,

कापड दुमडून ठेवलं आहे. माप पाठव. एकाच हाताचं पुरे.

वन्सं